मस्तगड ते मोती तलाव, व्हाया घाणेवाडी

नागपूरला परतल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "जालन्यात काय काय पाहिलं?" मी म्हटलं, "एक गड बाहेरून पाहिला आणि एक तलाव चुकीचा पाहिला." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. जालना शहरातल्या दोन प्रसिद्ध ठिकाणांमध्ये फोनवरच्या नकाशाप्रमाणे पायी अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर आहे. मला ते कापायला सकाळी दहापासून दुपारी साडेचारपर्यंत वेळ लागला. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आहे, त्यामुळे हा हिशेब मला अजूनही पचलेला नाही.

शनिवार : लेकीच्या घरी

माझी मुलगी प्रज्ञा आणि जावई गणेश, दोघंही जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत आहेत. तिथंच ओळख झाली आणि दोन वर्षांपूर्वी नागपुरात लग्न झालं. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. गणेशचं घर भोकरदनजवळच्या एका खेड्यातलं, पिढ्यान् पिढ्या शेती करणारं मराठा घर. लग्नाला त्याच्या बाजूनं चार मित्र आले. त्याची आई आली नाही.

तिची आणि माझी पहिली भेट या शनिवारी झाली. मी दिवाळीआधी तीन दिवस लेकीकडे जायचं ठरवलं, आणि तिथं पोचल्यावर मला कळलं की गणेशनं आईलाही बोलावून घेतलंय. दोघांनी मिळून हा बेत केला होता आणि मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आले नसते, हे त्यांना माहीत होतं.

गयाबाई साठीच्या असतील. उंच, सावळ्या, डोक्यावरून पदर. मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या म्याडम." लेकीच्या घरात मला कुणी 'या म्याडम' म्हणावं, याचाच मला पहिल्यांदा राग आला. पण बाईंच्या हाताला चव होती, हे कबूल करते. रात्री त्यांनी येसरची आमटी केली. भाजलेल्या डाळी-धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची ही आमटी आमच्याकडे करत नाहीत. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी ती दोनदा मागून घेतली. आम्ही एकमेकींशी फक्त मिठाबद्दल बोललो.

"मीठ बराबर हाय का?"

"बरोबर आहे."

एवढंच. त्यांचं 'करून राह्यले, जाऊन राह्यले' ऐकून मात्र कानाला बरं वाटलं, कारण आमच्या नागपूरकडंही तसंच बोलतात. शाळेत मी ते मुलांच्या तोंडून तीस वर्षं काढत होते.

रविवारी प्रज्ञा आणि गणेश दोघांनाही अर्धा दिवस काम होतं. रब्बीचा हंगाम तोंडावर आला की त्यांना रविवार नसतो. मग गणेशनं बेत सांगितला. "सकाळी मी तुम्हा दोघींना मस्तगडला सोडतो. गड बघा, मग रिक्षा करून मोती तलावावर या. बारा वाजता आम्ही डबा घेऊन तिथं येतो. काठावर बसून जेवू."

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती भांडी आवरण्यात एकदम गर्क झाली.

रविवार : मस्तगड

गणेशनं पावणेदहाला आम्हाला गडाच्या दारात उतरवलं आणि तो गेला. गाडी वळल्यावर गयाबाईंच्या लक्षात आलं की त्यांचा फोन सीटवरच राहिला. "ऱ्हाऊ द्या, तुमचा हाय ना," त्या म्हणाल्या. माझा होता. पण आदल्या दिवशी प्रवासात वापरून त्याचा जीव अर्धा झाला होता, आणि रात्री चार्जरचं बटण दाबायचं मी विसरले होते.

मस्तगड हा गड म्हणून फार मोठा नाही. आमच्या सीताबर्डीच्या किल्ल्यासारखा टेकडीवर वगैरे नाही, वस्तीतच आहे. दगडी बुरूज, भक्कम दरवाजा, दारावर फारसी अक्षरं कोरलेली. मी फोटो काढले. आत जायला लागले तर दारातल्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"आज रविवार. बंद हाय."

"किल्ला रविवारी बंद असतो?"

"किल्ला न्हाई, हाफिस बंद हाय."

"मला ऑफिसात नाही जायचं. किल्ला बघायचाय."

"किल्ल्यातच हाफिस हाय ना बाई. सोमवारी या."

"सोमवारी मी ऑफिसात काय करू?"

त्यानं विचार केला आणि म्हणाला, "मंग आत बघन्यासारखं बी काय न्हाई."

पुढं दिवसभर मला हेच वाक्य ऐकायला मिळणार होतं. जालन्यात कुठलीही जागा विचारा, आधी तिथं बघण्यासारखं काही नाही हे सांगतात आणि मग रस्ता चुकीचा सांगतात. मी बुरुजाला बाहेरून एक फेरी मारली. गयाबाई सावलीत पायरीवर बसून होत्या. "झालं का बघून?" त्यांनी विचारलं. पंधरा मिनिटांत झालं होतं.

मोती तलाव कुठं, हे मी पानटपरीवर विचारलं. टपरीवाला म्हणाला, "तलावावर काय करता? मम्मादेवीला जा. दर्शन घ्या." मी म्हटलं, "तलावच बघायचाय." त्यानं उजवा हात दाखवून "लेफ्टला जा" म्हणून सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी ते खोडून काढलं. त्यांच्या मते सरळ जाऊन दुसऱ्या चौकात विचारायचं होतं. मग मी फोनवर नकाशा काढला. नकाशानं आम्हाला एका गल्लीत नेलं. गल्लीच्या मधोमध कुणाच्या तरी कार्यक्रमाचा मंडप होता आणि आचारी कढई चढवून बसला होता. त्यानं मंडपातून जायला आनंदानं परवानगी दिली, पण मंडपाच्या पलीकडे पाइपलाइनसाठी पुरुषभर खोल रस्ता खोदलेला होता. आम्ही परत फिरलो.

"मला म्हाईत हाय तलाव," गयाबाई पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "लग्न झालं त्या वर्साला आल्ते. मी नेते बराबर."

"कधीची गोष्ट ही?"

"चाळीसेक वर्सं झाली. पर तलाव कुठं जातोय?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण विहिणीशी पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी गप्प बसले. माझी त्या दिवशीची सर्वांत मोठी चूक कुठली, असं विचाराल तर हीच.

रविवार : चुकीचा तलाव

गांधी चमनच्या चौकात सीटवर, म्हणजे माणशी भाडं घेऊन, चालणाऱ्या रिक्षा उभ्या होत्या. गयाबाई तडक एकीजवळ गेल्या. "तलावाला जाती का?" रिक्षावाला म्हणाला, "जाती ना, बसा जल्दी." आत आधीच तिघं होते. मी मागून "मोती तलाव ना?" असं म्हणेपर्यंत इंजिनाचा आवाज सुरू झाला होता, आणि गयाबाईंनी मला हात धरून आत ओढलं.

रिक्षा नदीच्या पुलावर आली तेव्हा मी नकाशात बघितलं. कुंडलिका ओलांडायची गरजच नव्हती. मोती तलाव मागं राहिला होता.

"अहो दादा, आपण उलट चाललोय."

"तलावालाच चाललो ना म्याडम."

"नकाशात तलाव तिकडं आहे."

"मी रोज जातो म्याडम. नकाशा जातो का रोज?"

बाकीचे तिघं हसले. गयाबाईही पदराआड हसल्या. मग फोन बंद पडला. मी बटण दाबत राहिले, काळा तो काळाच.

दुकानं संपली, कारखान्यांच्या भिंती लागल्या, त्याही संपल्या. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं, शेतात वेचणीला आलेला कापूस. देखावा चांगला होता. माझं लक्ष मनगटावरच्या घड्याळात होतं. मधे एक म्हातारा उतरला, दोन बायका आणि एक शेळी चढली. शेळी माझ्या पायावर उभी राहिली. अखेर एका फाट्यावर रिक्षा थांबली आणि रिक्षावाला म्हणाला, "घ्या, आला तलाव. घाणेवाडी."

"आम्हाला मोती तलावाला जायचं होतं!"

त्यानं गयाबाईंकडे बोट केलं. "ह्या बाई तलाव म्हणल्या. मोती कुठं म्हणल्या? तलाव म्हंजी घाणेवाडीच. समद्या नव्या जालन्याला हितलं पानी जातंय."

त्याचं बरोबर होतं. मी म्हटलं, परत सोडा. त्याला शेळीवाल्यांना पुढच्या गावी पोचवायचं होतं. "येताना घेतो तुम्हाला," म्हणाला आणि गेला. तो येताना दुसऱ्या रस्त्यानं गेला असावा, कारण आम्हाला तो पुन्हा दिसला नाही.

घाणेवाडीचा तलाव मात्र सुंदर आहे. हे मी नाइलाजानं लिहिते. निजामाच्या काळातला बांध, पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेलं पाणी, पाण्यावर पांढरे पक्षी. सहल म्हणून ठरवून आले असते तर मी इथं दोन तास बसले असते. पण त्या वेळी बारा वाजत आले होते. आमची मुलं डबा घेऊन दुसऱ्याच तलावावर पोचत असणार होती, आणि मी त्यांना कळवू शकत नव्हते. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात शिरत होतं. आम्ही फाट्यावर परत येऊन उभ्या राहिलो. दोन मोटारसायकली गेल्या. एक ट्रॅक्टर उलट दिशेला गेला.

मग मी बोललेच. "तुम्ही निदान पूर्ण नाव सांगायचं होतं, गयाबाई. किंवा मला तरी बोलू द्यायचं होतं. तुम्हाला माहीत नसलं की माहीत नाही म्हणावं माणसानं."

त्या पदरानं कपाळ पुसत दुसरीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, राग आला. मी आणखी बोलले. प्रवासाबद्दलच बोलत होते, पण आवाज प्रवासाचा नव्हता, हे माझं मलाच कळत होतं.

गयाबाई खाली बसल्या. रस्त्याच्या कडेला, मातीत. मी वळून बघितलं तर चेहरा घामानं निथळत होता आणि हात थरथरत होते. "प्रज्ञा," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "गॅस बंद कर बाई. दूध उतू चाललं."

माझ्या नवऱ्याला बारा वर्षं साखरेचा आजार आहे. हा घाम, ही बडबड मी ओळखते.

"साखरेची गोळी घेता का तुम्ही? सकाळी घेतली?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"आणि खाल्लं काय?"

"चतकोर," त्या पुटपुटल्या. "बाराला जेवायचंच होतं ना."

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, चष्म्याचं घर आणि छत्री. गोड म्हणून काही नाही. मी रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. लांब, एका लिंबाच्या झाडाखाली हिरवा-पिवळा ढीग दिसला. मी पळाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई पळते ती कशी पळते, ते सांगत नाही. एका चपलेचा पट्टा तुटला, ती तिथंच टाकली. झाडाखाली एक बाई मोसंबी विकत बसली होती. मी तोंडातून शब्द न काढता चार मोसंब्या उचलल्या आणि मागं बोट दाखवलं. ती हुशार, लगेच उठून माझ्याबरोबर पळाली.

आम्ही नागपूरची माणसं. संत्र्याला अंगठा लावला की साल सुटते. मोसंबीची साल सुटत नाही. मी नखं लावली, नखं मोडली.

"चाकू! चाकू आहे का?"

"चाकू घरी ऱ्हायला आज," ती बाई ओरडली. "दात लावा बाई! मानूस चाललंय अन् चाकू काय शोधता!"

मी दात लावले. सालीचं तेल ओठांना झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. साल थुंकत, चावत मी मोसंबीचं अर्धं अंग उघडं केलं आणि गयाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन फळ त्यांच्या तोंडात पिळलं. त्या गिळत होत्या, हे नशीब. रस हनुवटीवरून माझ्या साडीवर. दुसरी चावली, पिळली. तिसरी. विकणारी बाई पदरानं वारा घालत होती आणि अखंड बोलत होती, "गिळा आक्का, गिळा, हां, आजून थोडं." चौथ्या मोसंबीला गयाबाईंनी डोळे नीट उघडले. कपाळावरचा घाम थांबला. थोड्या वेळानं त्या उठून बसल्या.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मातीत सालीचे तुकडे पडले होते, दातांच्या खुणांसकट. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ सुजले होते. मी मान वळवली. दोन वर्षं मला वाटत होतं की या बाई आमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत. आता त्यांनी माझ्या उष्ट्या चार मोसंब्या गिळल्या होत्या आणि त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.

गयाबाईंनी विकणाऱ्या बाईला खुणेनं आणखी एक मागितली, दातानं सोलली, आणि अर्धी माझ्या हातात दिली.

रविवार : लिंबाच्या झाडाखाली

मोसंबीवाली म्हणाली, एकच्या सुमाराला एक टेम्पो बाजूच्या वाडीतून कापूस घेऊन जालन्याला जातो, तोवर सावलीत बसा. आम्ही बसलो. मी काही विचारलं नव्हतं. गयाबाईच बोलायला लागल्या.

"लग्नाला मी आले न्हाई."

"हो."

"तुम्हाला वाटलं आसंल, आडवलं कोनी."

"तसंच वाटलं."

"कोनीच आडवलं न्हाई. मालक तर चार वर्सांमागं गेले. दीर म्हनले, जायचं तर जा, तुझं पोरगं हाय. मी लुगडं काढून ठिवलं, पिशवी भरली. गाडीला निघायचं तर शेजारची आली, म्हनली, चालल्या का मंग? कुठं चालल्या त्ये तिला समदं म्हाईत व्हतं. मी म्हनले, कुठं न्हाई, आंगन झाडून राह्यले. अन् खरंच झाडू लागले. दुपारपस्तोर आंगन झाडलं. कोनी आडवलं आसतं तर बरं झालं आसतं ईनबाई. त्याचं नाव तरी घेता आलं आसतं."

त्या मला पहिल्यांदाच ईनबाई म्हणाल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन वर्षांचं साठलेलं वर आलं.

"गणेश त्या दिवशी फाटकाकडे बघत होता," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक आहे? वंदना सुरू झाली तरी बघत होता. मी तुमच्यासाठी पहिल्या ओळीत खुर्ची ठेवली होती. तिच्यावर कुणाला बसू दिलं नाही. माझी सख्खी बहीण मागं उभी राहिली. आणि प्रज्ञा. तिनं दोन वर्षांत एकदा तरी तुमचं गाव बघितलंय का? ती तुम्हाला आई म्हणते. तुम्ही तिच्या हातचं खाता, तिच्या घरी राहता. पण तुमच्या दारात ती चालत नाही."

गयाबाईंनी डोळे पुसले नाहीत, पदरही तोंडाला लावला नाही. "खरं हाय," एवढंच म्हणाल्या. "बिलकुल खरं हाय."

मी त्यांना माफ केलं, असं मी म्हणाले नाही. त्यांनीही माफी मागितली नाही. आम्ही टेम्पोची वाट बघत बसलो. मोसंबीवालीनं कुठून तरी सुतळीचा तुकडा शोधून माझी चप्पल बांधून दिली.

रविवार : एकदाचा मोती तलाव

टेम्पो दीडला आला. कापसाच्या ढिगावर बसायचं की ड्रायव्हरशेजारी, असा पर्याय नव्हता. ड्रायव्हरशेजारी त्याचे वडील आणि सासरे बसले होते. मोसंबीवालीनं खालून लोटलं, ड्रायव्हरनं वरून ओढलं, आणि दोन विहिणी कापसावर बसून जालन्याला निघाल्या. मऊ होतं, पण कापूस नाकात जातो. वाटेत टेम्पो पंक्चर झाला. दोन तास तिथं गेले. त्यावर मी एक शब्दही लिहिणार नाही.

ड्रायव्हरनं नव्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, उतरवलं. आत शहरात टेम्पो नेता येत नाही म्हणाला. उतरल्या उतरल्या मी एका दुकानदाराचा फोन मागून प्रज्ञाला लावायला गेले, तर तिचा नंबर मला पाठ नाही, हे मला त्या क्षणी कळलं. माझा सबंध वर्गाचा हजेरीपट पाठ असायचा. गयाबाईंना गणेशचा पाठ होता, पण शेवटचे दोन आकडे मागंपुढं होत होते. एका अनोळखी माणसाला आम्ही दोनदा फोन केला. तो दुसऱ्या वेळी फार चिडला.

मग रिक्षा. "कुठं?" म्हटल्यावर आम्ही दोघी एकदम ओरडलो, "मोती तलाव!" रिक्षावाला दचकला. "ऐकू येतंय," म्हणाला. "पर तिथं काय बघन्यासारखं न्हाई." गयाबाई म्हणाल्या, "तू ने. आमी बघून घेऊ काय हाय त्ये."

त्यानं नेलं, पण तलावाच्या मागच्या बाजूला उतरवलं. पाणी समोर दिसत होतं आणि मधे भिंत. मी सुतळीच्या चपलेनं आणि गयाबाई माझ्या दंडाला धरून, अशा आम्ही भिंतीच्या कडेनं सगळा वळसा घातला.

काठावर प्रज्ञा एकटी बसली होती, शेजारी डबा. आम्हाला बघून ती उठली आणि जी बोलायला लागली ती थांबेना. गणेश तीनदा मस्तगडला जाऊन आला होता, स्टेशनवर गेला होता, दवाखान्यांतही चौकशी करून आला होता. "लहान आहात का तुम्ही दोघी? एक फोन करता येत नाही? आणि मम्मी, तुझ्या ओठांना काय झालं?"

"मोसंबी," मी म्हटलं.

"तिला बोलू नको," गयाबाई म्हणाल्या. "माझा जीव चालला व्हता. तिनं वाचवला."

प्रज्ञानं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि मग गयाबाईंच्या गळ्यात पडून रडली. माझ्या नाही. मला थोडं लागलं, पण बरंही वाटलं.

गणेश आल्यावर आम्ही साडेचारला जेवलो. भाकरी कडक झाली होती. मोती तलाव कसा आहे, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येत नाही. पाणी होतं, शेजारी बाग होती, बागेत मुलं खेळत होती. आमचा नागपूरचा फुटाळा तलाव याच्यापेक्षा मोठा आहे. मी भाकरी चावत होते आणि बराच वेळ मी तलावाकडे पाठ करून बसले होते, हे मला नंतर गणेशनं काढलेल्या फोटोवरून कळलं.

डबा झाकताना गयाबाई म्हणाल्या, "ईनबाई, उद्या आमच्या गावाला चला."

गणेशनं चमकून आईकडे बघितलं. माझं सोमवारी संध्याकाळचं तिकीट होतं. पण मी तिकिटाचं नाव काढलं नाही. म्हटलं, "आधी सुनेला न्या. ती जिथं गेली नाही तिथं मी येणार नाही."

"तिलाच नेते. दोघींना नेते."

"मी पण येतो," गणेश म्हणाला. "गाडी काढू."

"तू नको," गयाबाई म्हणाल्या. "तू आलास तर म्हन्तील, पोरानं आनलं. मी आनते. यष्टीनं."

सोमवार : भोकरदनच्या पुढे

प्रज्ञानं रजा टाकली. सकाळच्या एसटीनं भोकरदन, तिथून जीप. जीपमध्ये चौदा माणसं होती, तरी मला काही वाटलं नाही. रविवारनंतर माझी सहनशक्ती वाढली असावी. गाव जवळ आलं तसा गयाबाईंनी पदर दोनदा सारखा केला. मला वाटलं, आता या उतरतील आणि म्हणतील, आंगण झाडायचंय.

जीप गावाच्या स्टँडवर थांबली. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड आणि पत्र्याचं चहाचं हॉटेल. हॉटेलसमोरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती. मधे पांढरी टोपी, हातात पेपर, ते गयाबाईंचे दीर. सगळ्यांनी आमच्याकडे माना वळवल्या.

गयाबाईंनी प्रज्ञाचा हात धरला. या वेळी मला साखरेची काळजी नव्हती, सकाळी मी स्वतः त्यांना दोन भाकरी खायला लावल्या होत्या. त्या हॉटेलसमोर गेल्या.

"भाऊजी, ही माझी सून. प्रज्ञा. अन् ह्या ईनबाई, नागपूरच्या. लग्नाला मी गेल्ते न्हाई. माझं चुकलं व्हतं."

भाऊजींनी पेपराची घडी घातली, मांडीवर ठेवली, परत उलगडली. प्रज्ञा खाली वाकायला लागली तसे ते घाईघाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे." मग गयाबाईंकडे न बघता म्हणाले, "घरी न्या पाव्हण्यांना. हितं रस्त्यावर काय उभं केलंय बायकांना."

मला वाटलं, झालं, एवढं पुष्कळ झालं. मी पिशवी उचलली.

"नेते ना घरी," गयाबाई म्हणाल्या. "पर आधी हितं च्या घेतील. समद्यांसमोर." आणि हॉटेलवाल्याकडे वळून मोठ्यानं, "तीन च्या. एकात साखर नको."

हॉटेलवाला भाऊजींकडे बघत उभा राहिला. भाऊजी पेपर वाचत होते, किंवा वाचत नव्हते. मी शाळेत तासाची घंटा होण्याची वाट बघत असे तेव्हाही वेळ इतका हळू गेला नव्हता. मग बाकाच्या टोकाला बसलेला एक म्हातारा, ज्याचं नावही मला माहीत नाही, खोकला आणि सरकला. त्याच्या शेजारचाही सरकला. बाकावर तिघींपुरती जागा झाली. हॉटेलवाल्यानं स्टोव्हला पंप मारला.

आम्ही बसलो. चहा आला, सगळ्यांना देतात त्याच काचेच्या पेल्यांमध्ये. बिनसाखरेचा गयाबाईंनी घेतला. मला गोड चहा आवडत नाही आणि माझा फार गोड होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. माझी संध्याकाळची गाडी चुकली.